कोळशाच्या गावात घर घेताना...

नवरा खाणीत नोकरीला असला की घराची चिंता नाही, असं आपण बायका धरूनच चालतो. कंपनीचं क्वार्टर असतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नळ, अंगणात तुळस आणि पपईचं झाड. मुलं तिथेच मोठी होतात, मुलींची लग्नं त्याच मैदानावर मांडव टाकून होतात. आणि मग एक दिवस हातात कागद पडतो. साठ वर्षं पूर्ण, अमुक तारखेला सेवानिवृत्ती. त्या दिवसापासून घरात एकच विषय. क्वार्टर सोडायचं, मग जायचं कुठे?

बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा, पलीकडे वणी, या आमच्या पट्ट्यात हा प्रश्न दरवर्षी कितीतरी घरांत उभा राहतो. बचत गटांच्या कामानिमित्त मी या वस्त्यांमधून हिंडत असते. खाणकामगारांमध्ये तेलंगणातून आलेले, छत्तीसगडहून आलेले, उत्तर प्रदेश-बिहारकडचे, असे कितीतरी. त्यांची गावं दूर राहिली. तिथली शेती भावकीत वाटली गेली. मुलं इथल्या शाळेत शिकली, मराठी बोलतात. "गावाले जाऊन आता काय करता बाई? तिथं आमाले कोन वळखते?" असं एक छत्तीसगडी मावशी मला म्हणाल्या, तेही आमच्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत! म्हणजे घर घ्यायचं ते इथेच.

आणि इथे घरं स्वस्त आहेत, हेही खरं. नागपुरात एका खोलीचे जेवढे पैसे सांगतात, तेवढ्यात या गावांमधून मागे मोकळी जागा असलेलं अख्खं घर सांगणारे दलाल भेटतात. गावं काही अगदीच आडबाजूची नाहीत. बल्लारपूर म्हणजे बल्लारशाह जंक्शन, दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या गाड्यांचा थांबा. बाजार मोठा, दवाखाने, शाळा, कॉलेज. शिवाय गाव जुनं. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजानं वर्धा नदीच्या काठावर किल्ला बांधला, गाव वसवलं आणि काही काळ गोंडांची राजधानी इथेच होती, मग ती चंद्रपूरला गेली. आपल्या भागात कोळशाची खाण आधी सुरू झाली ती वरोऱ्याला, १८७० च्या दशकात. तो कोळसा न्यायला वर्ध्याहून रेल्वे आली. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद पडली आणि त्याच सुमारास बल्लारपूरचा कोळसा वर येऊ लागला. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे आपली वेकोलि स्थापन झाली. राष्ट्रीयीकरणाआधी पुष्कळ खाणी खासगी मालकांच्या होत्या.

हा इतिहास मी उगीच सांगत नाही. दीडशे वर्षं जिथे जमीन पोखरली गेली, तिथे घर घेताना वरचं छप्पर जेवढं बघायचं, तेवढंच खालचंही बघायचं असतं. आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

घुग्घुसची गोष्ट बहुतेकींना आठवत असेल. २६ ऑगस्ट २०२२. अमराई वॉर्डातलं एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गेलं. भिंत पडली किंवा छत कोसळलं, असं नव्हे. अख्खं घर खाली गेलं आणि त्या जागी मोठा खड्डा उरला. हादरे जाणवले म्हणून घरातली माणसं वेळेत बाहेर पडली आणि वाचली. खाली जुनी, बंद पडलेली भूमिगत खाण होती. त्यानंतर आसपासच्या कुटुंबांना घरं रिकामी करून दुसरीकडे जावं लागलं. त्या घरांचा टॅक्स भरला जात होता, लाईटची मीटरं होती, रेशनकार्डावर तेच पत्ते होते. बाकी सगळं होतं, खालची जमीन मात्र पोकळ होती.

हे कसं होतं, ते समजून घ्यायला इंजिनीअर असायला नको. ज्यांचे नवरे भूमिगत खाणीत काम करतात, त्यांना तर हे तोंडपाठ असेल. कोळशाच्या थरात आडवी-उभी भुयारं खणतात आणि मधे मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात, त्यांच्या आधारावर वरची जमीन उभी राहते. खाण संपत आली की पुष्कळदा ते खांबही काढून घेतात. मग मोकळ्या जागेत वाळू भरतात, किंवा वरचा दगड हळूहळू बसू देतात. वाळू नीट भरली असेल, थर खूप खोल असेल, तर वर फारसं काही जाणवत नाही. पण जुन्या काळचं काम, थर उथळ, खांब बारीक राहिलेले, आणि त्यात पावसाचं पाणी मुरलं, तर वर्षानुवर्षं गप्प असलेली जमीन एकदम खचते. घुग्घुसला तो ऑगस्ट महिना होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, मग वस्तीखाली खणायला परवानगी कशी देतात? नियम आहे. बाहेरच्या लोकांच्या इमारतींपासून ४५ मीटरच्या आत खाणीचं काम न्यायचं तर खाण सुरक्षा विभागाची परवानगी लागते. पण हा नियम वाचवतो कोणाला? खाण खणताना जे घर आधीपासून उभं होतं, त्याला. खाण बंद झाली, कंपाउंड मोडलं, माळरान मोकळं झालं आणि वीस वर्षांनी त्यावर कोणी प्लॉट पाडून घरं बांधली, तर त्यांना या नियमाचा काय उपयोग? आपल्याकडच्या स्वस्त घरांपैकी बरीचशी अशा नंतर उठलेल्या वस्त्यांमध्येच असतात.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी घर शोधलं, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर फिरले. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले दलाल तिथेच आहेत आणि वहिनींनाही तिथेच राहायचं आहे. वहिनींचे यजमान चौतीस वर्षं खाणीत होते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे आलं, त्यातली एक रक्कम घरासाठी बाजूला काढली होती. कोणाच्या घरी कधी पैसे येणार, हे आपल्याआधी दलालांना कळतं! सेवानिवृत्तीचा सत्कार झाला, हार सुकायचा होता आणि पहिला दलाल दारात हजर.

त्यानं दाखवलेलं पहिलं घर म्हणजे चक्क क्वार्टरच होतं. जुन्या, अर्ध्या रिकाम्या झालेल्या लाईनीतलं. तिथे राहणारा माणूस "कब्जा" विकत होता. पैसे द्यायचे, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचं, नोटरीचा शिक्का मारायचा आणि राहायला जायचं. पूर्वी शंभराचा स्टॅम्प असे, आता पाचशेचा, एवढाच काय तो फरक. दलाल म्हणाला, "वहिनी, पुरी लाईनच अशी विकली गेली हाय. कोनी काई म्हनत नाई."

कोणी काही म्हणत नाही, हे आज. क्वार्टर कंपनीचं, जमीन कंपनीची. ज्याच्या मालकीचं काही नाहीच, तो विकणार काय? शंभर रुपयांच्या वरच्या कुठल्याही स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी केल्याशिवाय होत नाही, हा कायदा १९०८ पासूनचा आहे. नोटरीच्या शिक्क्यानं घर आपलं होत नाही. उद्या कंपनीनं लाईन पाडली, तर त्या स्टॅम्प पेपरची किंमत रद्दीइतकी. कष्टाचे पैसे असे कब्ज्यात घालू नका, हे मी अगदी हात जोडून सांगेन. आणि आपल्याच क्वार्टरमध्ये मुदतीनंतर चिकटून राहण्याचा विचार असेल, तर दंडाचं भाडं चढत जातं आणि ते ग्रॅच्युइटीतून कापलं जाऊ शकतं, हेही माहीत असू द्या.

दुसरं घर पाहिलं, ते मात्र आम्हा दोघींनाही आवडलं होतं. स्लॅबचं, तीन खोल्यांचं, संडास-बाथरूम आत, वर जिना. भाव आजूबाजूच्या मानानं कमीच. घरमालकीण चहा करून देत होती आणि वहिनींची नजर भिंतीवर गेली. दाराच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग, त्यावर ताजा चुना. आपल्याकडे काळ्या मातीवरच्या घरांना भेगा पडतातच. उन्हाळ्यात जमीन सुकली की उघडतात, पावसाळ्यात बऱ्याचशा मिटतात. त्यामुळे भेग दिसली की खाण खचली, असं समजून घाबरायचं कारण नाही. पण भेग भिंतीत थांबत नाही, जमिनीवरच्या फरशीतून पुढे जाते, अंगणात उतरते आणि शेजारच्या घरातही त्याच रेषेत दिसते, तेव्हा विचार करायचा. दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागल्या, भरलेल्या विहिरीचं पाणी अचानक उतरलं, अंगणात बशीसारखा खोलगट भाग पडला, हीही लक्षणं. वहिनी पाणी मागायच्या निमित्तानं शेजारी जाऊन आल्या. तिथल्या म्हाताऱ्या आजींनी सांगितलं की मागच्या बाजूला पूर्वी "इन्क्लाइन" होतं, म्हणजे खाणीत उतरायचा तिरपा रस्ता. "आमचे बुढे तिथूनच ड्युटीवर जात." दलालानं सांगितलं नव्हतं, मालकिणीनं सांगितलं नव्हतं, ते आजींनी दोन मिनिटांत सांगितलं. जुन्या वस्तीत घर बघायला जाल, तेव्हा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोलल्याशिवाय परत येऊ नका.

पण आजींच्या सांगण्यावर रजिस्ट्री थांबवता येते का? घरातले पुरुष म्हणायला लागले की बायकांच्या गप्पा! म्हणून वहिनींनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. २००५ च्या या कायद्याचा उपयोग आपण रस्ते आणि रेशन दुकानापुरताच करतो. वेकोलि ही सरकारी कंपनी आहे, तिलाही हा कायदा लागू आहे. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. अर्जात मोघम लिहायचं नाही. मौजा, भूमापन क्रमांक, वॉर्ड, घर क्रमांक लिहायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. या जागेखाली भूमिगत खाणकाम झालं आहे का? झालं असल्यास किती खोलीवर, आणि ती पोकळी भरली आहे का? ही जागा कोळशासाठी संपादित झाली आहे का, किंवा तशी अधिसूचना निघाली आहे का? खाण बंद करताना तिचे नकाशे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावे लागतात, त्यामुळे नकाशा कुठेतरी असतो. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या खासगी खाणींचे सगळेच नकाशे पूर्ण असतील असं नाही. म्हणून "नकाशात काही आढळत नाही" असं उत्तर आलं तरी भेगा आणि आजी, दोन्हींना विसरू नये.

शेवटचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा वेगळा आहे, १९५७ चा. त्यात आधी कलम ४ ची अधिसूचना निघते, खाली कोळसा आहे का ते तपासण्यासाठी. मग कलम ७ ची, जमीन घेण्याचा इरादा सांगणारी. त्यावर तीस दिवसांत हरकत घेता येते. मग कलम ९ ची घोषणा, आणि मग जमीन सरकारची. हे सगळं राजपत्रात छापून येतं. आपल्यापैकी राजपत्र वाचतं कोण? ज्याला कुणकुण लागते, तो आपली जागा घाईनं विकायला काढतो. "मुलाकडे पुण्याला जायचं आहे म्हणून स्वस्तात देतोय," असं कोणी म्हटलं की मी तरी आता एकदा तहसीलमध्ये चौकशी करा, असंच सांगते.

वहिनींच्या अर्जाला उत्तर आलं. त्या भूमापन क्रमांकाच्या काही भागाखाली जुनं काम नकाशात दाखवलं होतं. घर सोडून दिलं. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही, कारण इसार देऊन टाकावा असं मोठ्या मुलाचं मत होतं आणि वहिनींनी तो देऊ दिला नव्हता. महिनाभर थांबलो तर दुसरा गिऱ्हाईक घेऊन जाईल, हा दलालाचा धाक सगळ्यांनाच लागला होता. थांबण्यात काय जातं हो? घर गेलं तर दुसरं मिळतं.

तिसरी जागा म्हणजे गावाबाहेर शेतात पाडलेले प्लॉट. चुन्याच्या रेषा, कोपऱ्यात दगड, मधोमध "मुख्य रस्ता" लिहिलेली पाटी. इथे मात्र खाण बाजूला राहते आणि सातबारा बोलायला लागतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सातबारा वाचताना काही शब्द दिसले की थबकायचं. "भोगवटादार वर्ग २" असं असेल, तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. मूळ मालक आदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६ अ या कलमांप्रमाणे ती बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय देताच येत नाही. मला विचाराल तर हे कलम असायलाच हवं. गोंडांच्या राज्यात गोंडांकडेच किती जमीन उरली आहे, ते आपण बघतोच. आणि तिसरा शब्द "झुडपी जंगल". विदर्भातल्या बायकांनी हा शब्द पाठ करून ठेवावा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीन धरायची, असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी जिथे घरं, शाळा, कचेऱ्या झाल्या, त्या नियमित करण्याचा मार्ग ठेवला आहे, पण आज कोणी तशा जमिनीवर नवा प्लॉट विकत असेल, तर दुरूनच नमस्कार. शेत अकृषक झालं आहे का, ले-आउट मंजूर आहे का, तेही पाहायचं. सातबारा आता मोबाईलवर निघतो. पटवाऱ्याकडे (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण आमच्या तोंडात पटवारीच बसलेलं आहे) खेपा मारायची गरज उरलेली नाही.

गावठाणातल्या जुन्या घरांना सातबारा नसतो, त्यांची असते आखीव पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. त्यावर "नझूल" असं असेल, तर जमीन सरकारची आणि घरवाला पट्टेदार. पट्टा कधीचा संपलेला असतो, नूतनीकरण कोणी केलेलं नसतं आणि विकताना परवानगीचा प्रश्न येतो. नागपूर आणि अमरावती विभागातल्या अशा निवासी नझूल जागा मालकी हक्काच्या करून घेण्यासाठी २०२४ मध्ये सरकारनं अभय योजना आणली. अशा योजनांना मुदत असते. तेव्हा नझूल घर आवडलंच, तर विकणाऱ्यालाच आधी ते काम करून घ्यायला सांगावं, मग पैसे. आणि एक, नगरपरिषदेची टॅक्स पावती म्हणजे मालकी नव्हे. टॅक्स राहणाऱ्याच्या नावानं लागतो. मालकी कागदावर वेगळीच असू शकते. हे मी सभांमध्ये दहा वेळा सांगते, आणि अकराव्या वेळी कोणीतरी पिशवीतून टॅक्स पावतीच काढून दाखवतं.

वहिनींनी शेवटी घेतलं ते जुन्या वस्तीतलं कवेलूचं घर. पुढे ओसरी, आत दोन खोल्या, मागे सांदवाडी, कडुलिंबाचं झाड. दिसायला त्या स्लॅबच्या घरापुढे काहीच नाही. सूनबाई तर पाहून आल्यावर नुसती गप्प बसली होती. पण आखीव पत्रिका स्वच्छ, वकिलानं तीस वर्षांचा शोध घेऊन दिला, खाली काम नाही असं कंपनीचं उत्तर आलं आणि शेजारच्या आजींनीही तेच सांगितलं. आम्ही ते घर एकदा भर दुपारी पाहिलं, मुद्दाम ओपन कास्टच्या ब्लास्टिंगच्या वेळेला. भांड्यांच्या फळीवर काय होतं, ते कानांनी ऐकलं. एकदा सकाळी गेलो, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर किती धूळ बसते ते बघायला. धूळ आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूरचं नाव घातलं होतं, ते काही उगीच नाही. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर खाणीच्या आणि कोळसा सायडिंगच्या जितकं लांब जाता येईल तितकं जावं, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील. जुलै २०२२ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, तेही आम्ही विचारून घेतलं. मातीचे मोठाले ढिगारे नद्यांच्या काठाशी उभे राहिल्यापासून पूर पूर्वीच्या जागी थांबत नाही.

आता नावाचं. घर कोणाच्या नावावर? हा विषय निघाला की घरात जरा शांतता पसरते. वहिनींचे यजमान भला माणूस, पण त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "माझं नाव असलं काय, हिचं असलं काय, एकच तर हाय." एकच नसतं, काका. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं आणि मृत्युपत्र नसलं, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या मागे बायकोला मिळतो तो मुलगे, मुली आणि सासूबाई हयात असतील तर त्या, यांच्या बरोबरीचा एक वाटा. चौतीस वर्षं पहाटेच्या पाळीचे डबे भरणारीला दोन खोल्यांच्या घराचा चौथा नाही तर पाचवा हिस्सा! मुलं चांगली असतील तर प्रश्न येणार नाही. पण घर काय मुलांच्या चांगुलपणावर घ्यायचं?

शिवाय पैशाचाही हिशेब आहेच. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. दहा लाखांच्या घरावर दहा हजार रुपये वाचतात. सुरुवातीला अशी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. नवरा-बायको दोघांचं नाव टाकलं, तर मात्र ही सूट नाही. आणि शुल्क नुसत्या ठरलेल्या भावावर लागत नाही. सरकारी रेडी रेकनरचा भाव आणि आपला भाव यांतला जो जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. हा खर्च बाजूला ठेवूनच घराचं बजेट करायचं. नाहीतर रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी बांगड्या बँकेत जातात, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

काकांना दहा हजारांची गोष्ट लगेच पटली. वारसाची पटायला आठवडा लागला. मोठ्या मुलाला अजून पूर्ण पटलेली नाही, पण रजिस्ट्री झाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा आणि मग सही. वहिनी आजवर गटाच्या रजिस्टरवर तेवढी सही करत आल्या होत्या. तिथल्या बाबूनं सवयीनं पेन काकांपुढे धरलं. काकांनी ते वहिनींकडे सरकवलं.

आखीव पत्रिकेवर नाव चढायला पुढे दोन महिने गेले. ती प्रत आणायला वहिनी एकट्याच गेल्या. आता पावसाच्या आधी कवेलू फेरायचे आहेत, आणि मजूर काही मिळत नाही.